पेटी एका घरी, किल्ली दुसऱ्या घरी: अ‍ॅप बनवण्याआधी माणसांचं जाळं कसं वाचायचं

आमच्या आत्याच्या बचत गटाची पत्र्याची पेटी एका घरी असते आणि तिची किल्ली दुसऱ्या घरी. दोन्ही घरं बेळगावच्या वडगाव भागातल्या एकाच गल्लीत, मध्ये सहा दारं. बैठकीच्या दिवशी पेटी आणि किल्ली एकत्र येतात, सगळ्यांच्या देखत कुलूप निघतं, पैसे मोजले जातात, वहीत आकडा पडतो आणि दोन्ही वस्तू आपापल्या घरी परत जातात.

मी हिशेबाचं मोबाईल अ‍ॅप करून नेलं तेव्हा त्यात एकच ‘अ‍ॅडमिन’ ठेवला होता. एक पासवर्ड, एका बाईकडं. म्हणजे पेटी आणि किल्ली मी एकाच हातात देऊन मोकळा झालो होतो. कुणी तक्रार केली नाही. चहा झाला, पोहे झाले, ‘बरं केलंयस की गा’ म्हणून कौतुकही झालं. पुढच्या बैठकीला मात्र वहीच निघाली. मला वाटलं बायकांना तंत्रज्ञान जमत नाही. दोन महिने मी बटणं मोठी करत बसलो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये एक भेद मांडला: एकाची खासगी अडचण वेगळी आणि समाजाच्या रचनेतून येणारा प्रश्न वेगळा. एका बाईला अ‍ॅप उघडता आलं नाही तर ती तिची अडचण असू शकते. सगळ्या गटानं एकमुखानं, हसतमुखानं, एकही शब्द न बोलता ते बाजूला ठेवलं, तर चूक रचनेत आहे. आता कामाला बसताना मी काय काय करतो, ते पुढं लिहितो. उदाहरण बचत गटाचं आहे, पण दूध संकलनाचं, पतसंस्थेचं किंवा उसाच्या तोडणीचं अ‍ॅप करणाऱ्यालाही हेच उपयोगी पडेल.

आधी: तुम्ही कोणत्या दारानं आत जाताय?

कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर हे लिहा. मला तिथं कोण घेऊन गेलं? त्यांच्या नजरेत मी कोण? माझ्यासमोर कोणत्या गोष्टी बोलल्या जाणार नाहीत?

माझं पान असं होतं: अध्यक्षीणबाईंचा भाचा, पुरुष, मागवाल्यांच्या (विणकामाचे माग असणाऱ्यांच्या) घरातला, मराठी. म्हणजे अध्यक्षीणबाईंविषयीची कुरकुर माझ्या कानावर येणं शक्यच नव्हतं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून अभ्यास केला. गावच्या पाटलाच्या आसऱ्यानं राहिल्यामुळं गाव आपल्याला कोणत्या बाजूनं दिसलं, हे त्यांनी पुढं मोकळेपणानं लिहिलं. इतक्या मोठ्या अभ्यासकाला ही अडचण आली, तर आपण कोण लागून गेलो?

यावर उपाय दुसरं दार शोधण्याचा. मी आत्याला बाजूला ठेवून खासबागेतल्या कानडी बोलणाऱ्या विणकरांच्या घरी, एका मित्राच्या आईकडून, दुसऱ्या गटात गेलो. किल्लीचा अर्थ मला तिथं कळला. तिथल्या एका आजींनी सरळ सांगितलं, ‘पेटी जिच्याकडं, तिच्यावर संशय येऊ नये म्हणून किल्ली दुसरीकडं.’ म्हणजे किल्ली चोराला अडवायला नव्हतीच. पेटी सांभाळणाऱ्या बाईचं नाव राखायला होती.

आता अ‍ॅपमध्ये नोंद एकीच्या फोनवर होते आणि दुसरीच्या फोनवरून ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय पक्की होत नाही. त्या बटणाचं नावच ‘किल्ली’ आहे. ते कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

पहिली पायरी: फोनची कुंडली मांडा

आपण ‘युजर’ म्हणतो तेव्हा एक माणूस, एक फोन, एक नंबर असं गृहीत धरतो. आमच्याकडच्या घरात हे क्वचितच खरं असतं. म्हणून प्रत्येक घराचा एक नकाशा काढा. माणसाला गोल, फोनला चौकोन. मग चार प्रश्न विचारून बाण ओढा:

रिचार्ज कोण मारतं? फोनचा लॉक कुणाकुणाला माहीत आहे? आधारला आणि बँकेला कुणाचा नंबर जोडलाय? रात्री फोन कुणाच्या उशाशी असतो?

चौथा प्रश्न चावट वाटतो, पण सगळ्यात जास्त माहिती तोच देतो. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नात्यागोत्याची रचना तपशिलानं मांडली. सासर आणि माहेर या शब्दांत केवढी व्यवस्था दडलीय ते त्यांचं काम वाचताना कळतं. फोनही त्याच वाटांनी फिरतो. दिवसा सुनेकडं, शाळा सुटल्यावर नातवाकडं, रात्री मुलाकडं.

असे दहा नकाशे समोर ठेवले की डिझाइनचे निर्णय आपोआप पुढं येतात. आमच्याकडं हे निघाले:

ओटीपी जिच्या नावाचा, तिच्याकडं तो येतच नाही. नंबर मुलाचा, आणि मुलगा गोव्याला कामाला. आई त्याला फोन करते, तो कामावर असतो, उचलत नाही, ओटीपीची मुदत संपते. म्हणून आम्ही रोजच्या कामातून ओटीपी काढला. फोन पहिल्यांदा जोडतानाच तो लागतो, आणि तोही बैठकीत, सगळ्या मिळून.

एका फोनवर सासू आणि सून दोघींची खाती. लॉगआउट, लॉगिन हा खेळ नको. वर दोन चेहरे, ज्याच्यावर बोट ठेवाल ते खातं, मागं चार आकडी पिन.

तिसरी गोष्ट माझी मला शरम वाटावी अशी. पहिल्या आवृत्तीत सूचना यायची: ‘तुमचं ५,००० रुपयांचं कर्ज मंजूर झालं.’ बंद पडद्यावर, मोठ्या अक्षरात. फोन नवऱ्याच्या हातात होता. ते पैसे तिनं मुलीच्या फीसाठी मागितले होते आणि घरात अजून सांगितलं नव्हतं. पुढं काय झालं ते ती सांगत नाही, मीही विचारलेलं नाही. आता पडद्यावर इतकंच येतं: ‘संघाचा निरोप आहे.’ संघ म्हणजे बचत गट.

दुसरी पायरी: बसा आणि बघा, मध्ये बोलू नका

किमान तीन बैठका. एक पावसाळ्यात, एक सणाच्या आसपास, एक साधी. खुर्ची दिली तरी खाली बसा. लॅपटॉप घरी ठेवा. वहीच्या पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडं काय घडलं ते लिहा, उजवीकडं तुम्हाला काय वाटलं ते. या दोन गोष्टी एकत्र झाल्या की दोन दिवसांनी स्वतःचीच मतं पुरावा म्हणून वाचाल.

या पायरीवर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथं पकडली गेली.

नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. कर्नाटकात २००० सालापासून ‘स्त्री शक्ती’ योजनेनं गावोगाव गट उभे राहिले, म्हणूनच आमच्या बायका गटाला बऱ्याचदा ‘संघ’ म्हणतात. गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब. मी ही यादी वाचली आणि हिशोबी माणसासारखा विचार केला. बचत ऑनलाइन होईल, कर्ज ऑनलाइन होईल, हिशेब आपोआप होईल, मग बैठकीचा त्रास कशाला? घरबसल्या हप्ता भरा, असं मोठं बटण टाकलं. खूश होतो.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांचा एक भेद इथं शिकण्यासारखा आहे. कोणत्याही प्रथेचं एक उघड काम असतं, सगळे सांगतात ते. आणि एक सुप्त काम असतं, जे कुणी सांगत नाही, बऱ्याचदा करणाऱ्यालाही शब्दांत ठाऊक नसतं. बैठकीचं उघड काम म्हणजे शंभर-शंभर रुपये गोळा करणं. त्याला वीस मिनिटं लागतात. बैठक चालते दीड तास.

उरलेल्या वेळात मी जे लिहून घेतलं त्यातलं थोडं: कुणाच्या सुनेला दिवस गेलेत. टिळकवाडीत स्वयंपाकाला बाई पाहिजे. रेशन कार्डातलं नाव दुरुस्त करायला कुठल्या खिडकीला जायचं. एकीच्या मनगटावर काळंनिळं दिसलं, कुणी काही विचारलं नाही, पण उठताना दोघी तिला घरापर्यंत सोडायला गेल्या. आणि एक नवी सून कोपऱ्यात बसलेली, लग्नाला चार महिने झालेले. तिला एकटीनं घराबाहेर पडायची मुभा महिन्यात एवढीच. ‘संघाला जातेय’ या दोन शब्दांना घरात कुणी आडकाठी करत नाही, कारण त्यात पैसा आहे.

माझं बटण तिचा तो दीड तास काढून घेणार होतं. सासू म्हणाली असती, पैसे फोनवरून जातात, मग जायचं कशाला?

बटण काढलं. आता हप्ता बैठकीतच पडतो, आणि हजेरी लावल्याशिवाय नोंद उघडत नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या पोरानं डोक्याला हात लावला. ‘सोय कमी करणारं फीचर पहिल्यांदाच बघतोय,’ म्हणाला. आजारी किंवा बाळंतीण असेल तर दुसरी तिच्या नावानं भरू शकते. वहीत हे पूर्वीपासून चालायचं.

तुम्ही जी पद्धत मोडून नवी आणताय, तिच्या सुप्त कामांची यादी करा. किमान पाच. पाच मिळत नसतील तर अजून पुरेसं बसला नाहीत.

तिसरी पायरी: विचारायचं कसं

‘तुम्हाला अ‍ॅपमध्ये काय हवं?’ असं कधी विचारू नका. पाहुण्याला खूश करणारं उत्तर मिळतं. मागच्या वेळचं विचारा. मागच्या खेपेला हिशेब चुकला तेव्हा काय झालं? कोण बोललं, कोण गप्प बसलं, वही कुणाकडं गेली? आणि ‘का’ विचारण्याआधी ‘कसं’ विचारा. ‘का’ म्हटलं की माणूस बचावाला उभा राहतो.

चौथी पायरी: भाषा हा सेटिंगचा विषय नाही

१९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्यावरून पेटलेल्या सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, त्याचा अहवाल १९६७ मध्ये आला, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी. हा इतिहास तुमच्या अ‍ॅपच्या पहिल्या पडद्यावर हजर असतो, तुम्ही बोलवा अथवा नका बोलवू. त्यामुळं इथं भाषा निवडायला लावणं म्हणजे बाजू निवडायला लावणं होऊ शकतं.

अमुक राज्य म्हणजे अमुक भाषा असं स्थळावरून ठरवू नका. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं निघालात की शिनोळीला तुम्ही चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. हद्दीवरच्या गावांत फोनला कधी या राज्याचा टॉवर मिळतो, कधी त्या. एका चाचणीत अ‍ॅपची भाषा बसमध्येच बदलली आणि बाईंना वाटलं फोन बिघडला.

वाचायची भाषा आणि ऐकायची भाषा वेगळी ठेवा. घरात मराठी, शाळा कानडी माध्यमाची, अशा मुली आमच्याकडं भरपूर. लेक कानडीत वाचते आणि आईला मराठीत सांगते. आम्ही अक्षरं एका भाषेत आणि आवाज दुसऱ्या भाषेत ठेवायची सोय केली. अ‍ॅप तपासणाऱ्या पुण्याच्या एकानं याला चूक म्हणून नोंदवलं होतं.

शब्द निवडताना शेजारधर्म बघा. जमा, खर्च, बाकी हे शब्द कानडीतही जवळपास तसेच आहेत. ‘शिल्लक’चा तिकडं ‘शिल्कु’ होतो. बाजारानं हे भाषांतर कधीच करून ठेवलंय. त्यामुळं ‘व्यवहार तपशील’, ‘निधी हस्तांतरण’ असले शब्द आणून दोघांनाही कोड्यात टाकायची गरज नाही. उलट, मराठी एकच असली तरी कागद वेगळे असतात. पुण्याहून आलेल्या शेतीच्या अ‍ॅपनं ‘सातबारा अपलोड करा’ म्हटलं की बेळगावजवळच्या खानापूरचा शेतकरी थांबतो. त्याच्या हातात कर्नाटकाची पहाणी (तिकडचा जमिनीचा कागद) असते आणि तोंडात ‘उतारा’.

गावाच्या नावाच्या शोधात बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगाम सगळं चालू द्या. दुरुस्ती सुचवू नका. लिहिणाऱ्यानं जे लिहिलं तेच त्याला परत दाखवा.

पाचवी पायरी: फॉर्म म्हणजे समाजाचं गृहीतक

प्रत्येक रकाना काहीतरी मानून चालतो. कोरा फॉर्म घ्या आणि प्रत्येक रकान्यासमोर लिहा: हे कुणाच्या बाबतीत खोटं ठरेल?

नाव: माहेरचं एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. शिवाय कानडी लिपीतून इंग्रजीत उतरताना ‘पाटील’चं ‘पाटीला’ झालेलं मी पाहिलंय. तंतोतंत नाव जुळलंच पाहिजे ही अट घातलीत तर निम्मा गट दारातच अडतो. ‘गटात हाक कशी मारतात’ असा एक रकाना आम्ही ठेवला आणि पडद्यावर सगळीकडं तेच नाव दाखवतो.

राज्य, जिल्हा, तालुका: चंदगडकडच्या मुली लग्न होऊन इकडं येतात आणि आधारवर कैक वर्षं कोल्हापूर जिल्हाच राहतो. कर्नाटकात जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमध्ये बायकांना मोफत प्रवास आहे, पण कंडक्टरला राज्यातला पत्ता दाखवावा लागतो. पत्त्याचा रकाना किती महाग पडतो हे त्या सुनांना विचारा. कामाला गल्लीचं नाव पुरत असेल तर राज्य विचारूच नका.

कुटुंबप्रमुख: २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार रेशन कार्डावर घरातली १८ वर्षांवरील सर्वांत थोरली स्त्री प्रमुख. बँकेत बऱ्याचदा पुरुष. घरात निर्णय घेणारं तिसरंच कुणी. तुम्हाला यातलं नेमकं कोण हवंय, ते आधी ठरवा.

अंगठा: निपाणीकडं पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळणाऱ्या बायका आहेत. पानं कापून, तंबाखू भरून, वळून वळून बोटांच्या रेषा झिजतात, मशीन ठसा घेत नाही. अंगठा हा एकच मार्ग ठेवलात तर राबणाऱ्या हातालाच शिक्षा होते.

सहावी पायरी: कुणाला काय दिसतं

समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन माणसांच्या वागण्याकडं रंगमंचासारखं बघायचे: एक पुढचा भाग, लोकांसमोरचा, आणि एक पडद्यामागचा. वहीत ही सोय होती. थकबाकी वहीत असायची, पण वही अध्यक्षीणबाईंच्या मांडीवर. त्या हळूच म्हणायच्या, ‘तुझं पुढच्या वेळी बघू.’ मी थकबाकी लाल रंगात, सगळ्यांच्या फोनवर दाखवली. पारदर्शकता म्हणून. पुढच्या बैठकीला दोघी आल्याच नाहीत.

इथं लाज हे वसुलीचं हत्यार आहे हे विसरू नका. दारात येऊन बसणाऱ्या कर्जवसुलीचे प्रकार इतके वाढले की कर्नाटक सरकारला फेब्रुवारी २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. त्या बायका नुकत्याच त्यातून गेलेल्या, आणि त्यात माझा लाल रंग.

आता गटाची एकूण बाकी सगळ्यांना दिसते, ज्याची त्याची बाकी ज्याला त्याला. पेटी आणि किल्लीवाल्या दोघींना सगळं दिसतं. लाल रंग कुठंच नाही.

संमतीबाबत एवढंच: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा, असं आहे. मराठी आणि कानडी दोन्ही त्या यादीत आहेत. आम्ही ती सूचना बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि ती तीन मिनिटांत वाचून होईल इतकीच लिहितो.

सातवी पायरी: चाचणी जोडीनं घ्या

एकट्या बाईला फोन देऊन समोर बसलात तर ती परीक्षा होते. मानवशास्त्रज्ञ ल्युसी सचमन यांनी १९८० च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात नव्या फोटोकॉपी यंत्रासमोर माणसं जोडीनं बसवली. ती एकमेकांशी बोलत होती, त्यामुळं कुठं आणि का अडतंय ते आपोआप ऐकू आलं. आमच्याकडं तर बायका जोडीनंच बसतात. ‘अगं तिथं नको दाबू, पैसं जातील’ हे वाक्य कुठल्याही प्रश्नावलीतून मिळालं नसतं.

फोन त्यांचाच, जुना, काच तडकलेला. एक चाचणी कणकुंबी-जांबोटीकडं, जुलैत. घाटातला पाऊस लागला की वीज आणि रेंज दोन्ही जातात. तिथं अ‍ॅप चाललं तर शहापुरात चालेलच.

आठवी पायरी: मोजायचं काय

रोज किती जणांनी अ‍ॅप उघडलं, हा आकडा आमच्या कामाचा नाही. बैठक महिन्यातून दोनदा. रोज कुणी उघडत असेल तर काहीतरी काळजी आहे. आम्ही तीन गोष्टी बघतो: हजेरी घटली का, किल्लीची ‘बरोबर’ खूण किती वेळात येते, आणि नोंद करणारी बाई बदलते का. वर्षभर एकच जण लिहीत असेल तर आम्ही काहीतरी अवघड करून ठेवलंय.

शेवटी: परत जायची वाट आधी बांधा

अ‍ॅप बंद पडेल, कंपनी बुडेल, तुम्ही नोकरी बदलाल. तेव्हा गटाकडं काय उरेल ते पहिल्याच दिवशी ठरवा. आमच्यात ‘छापा’ असं एक बटण आहे. बाहेर पडणारा कागद आत्याच्या वहीच्या पानाएवढाच, रकाने त्याच क्रमानं, खाली दोन सह्यांना जागा. आत्या बैठक झाली की कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून एक प्रत काढून आणते, कडा कातरते आणि भाताच्या शितानं वहीत चिकटवते. वही पेटीत जाते, पेटी एका घरी, किल्ली दुसऱ्या.